डब्यावर ‘ओकीटी’ लिहिलं म्हणजे पिल्लू ओकीटी झालं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा मुलगा नाशिकचा, सध्या डॅलसला नोकरीला. सहा महिन्यांपूर्वी सापांच्या एक्स्पोमधून (विक्री-प्रदर्शनातून) कॉर्न स्नेकचं, म्हणजे इकडे सर्रास पाळतात त्या बिनविषारी सापाचं, नर पिल्लू आणलं, डब्यावर ‘ओकीटी’ लिहिलेलं होतं. आता ओळखीतला एकजण ‘मायामी’ मादी स्वस्तात देतोय. दोघांची जोडी लावली तर पिल्लं कशी निघतील, ती लोकॅलिटी (अमुक गावची म्हणून ओळख) म्हणून देता येतील का, आणि एकूणच हा लोकॅलिटीचा काय प्रकार आहे.

पहिल्यांदा सरळ उत्तर देऊन टाकतो. जोडी लागेल, अंडी होतील, पिल्लं धडधाकट निघतील आणि दिसायला कदाचित फारच छान निघतील, पण ती ना ओकीटी ना मायामी, साधे कॉर्न स्नेक म्हणूनच द्यायची. आणि तुझा नर सुद्धा ओकीटी आहे की नाही हे अजून ठरायचंय. का ते सांगतो, जरा लांबेल.

आपल्याकडे मे महिन्यात रस्त्याकडेला पेटीवर ‘देवगड हापूस’ छापलेलं असतं आणि आतला आंबा कर्नाटकातून आलेला असतो, हे काय तुला सांगायला नको. खाताना गोड लागतो, वाईट काहीच नाही, पण देवगडचा नाही. कॉर्न स्नेकमध्ये तेच आहे. ओकीटी हे मुळात रंगाचं नावच नाही, साउथ कॅरोलायनाच्या खालच्या टोकाला जास्पर काउंटी आहे, रिजलँड गावाजवळ, तिथल्या एका खाजगी हंट क्लबच्या जमिनीचं नाव आहे ते. स्टेटन आयलंड झूचा क्युरेटर कार्ल कॉफेल्ड तिथे साप शोधायला जायचा आणि त्याने १९५७ च्या पुस्तकात त्या जागेबद्दल इतकं भरभरून लिहिलं की पुढची कित्येक वर्षं लोक पडलेले पत्रे उचकटून खालचे साप शोधायला तिकडे धावत राहिले. तिथल्या सापांची ख्याती म्हणजे नारिंगी अंग, त्यावर गडद लाल डाग आणि डागांभोवती जाड काळी कड. मग झालं काय, कुठल्याही सापाला जाड काळी कड दिसली की लोक त्याला ओकीटी म्हणायला लागले. पुढे तर ‘रिव्हर्स ओकीटी’ आला, म्हणजे अल्बिनो, काळ्या कडेच्या जागी पांढरी कड. नावात ओकीटी आहे, पण जास्परच्या मातीशी त्याचा संबंध बऱ्याचदा शून्य. अल्बिनोचं म्हणशील तर पाळीव कॉर्न स्नेकमधला बहुतेक अल्बिनोपणा १९५३ साली नॉर्थ कॅरोलायनात जंगलात सापडलेल्या एका नरापर्यंत जातो, बर्नार्ड बेक्टेल नावाच्या डॉक्टरांनी त्यावर काम केलं. म्हणजे ‘रिव्हर्स ओकीटी’ म्हटल्याबरोबर तिथे निदान दोन ठिकाणचं रक्त मिसळलेलं असण्याची शक्यता धरायचीच.

तर लोकॅलिटी म्हणजे रंग नाही, लोकॅलिटी म्हणजे कागद. हा साप, किंवा याचे आईबाप, किंवा त्यांचे आईबाप, अमुक काउंटीत अमुक रस्त्यावर अमुक तारखेला अमुक माणसाने पकडले आणि मधे बाहेरचं कोणी आलं नाही, एवढी साखळी कोणीतरी लिहून ठेवलेली असली पाहिजे. ती साखळी एका जागी तुटली की संपलं, परत जोडता येत नाही. साप बघून तर अजिबातच सांगता येत नाही, त्यात पिल्लू बघून तर नाहीच, कारण अंड्यातून निघालेली पिल्लं सगळीच मळकट करड्या अंगाची आणि चॉकलेटी-लाल डागांची असतात, खरा नारिंगी चढायला वर्ष-दोन वर्षं जातात. एक्स्पोत टेबलावर पन्नास डबे मांडून बसलेल्या माणसाला सुद्धा नुसतं बघून कळणार नाही, तुला-मला काय कळणार.

म्हणून तू आता एकच काम कर, ज्याच्याकडून घेतलास त्याला साधा मेसेज टाक: आईबाप कुठले, कोणी पकडले किंवा कुठून आणले, किती साली. उत्तर ‘ॲबट लाइन’ असं आलं तर ती ली ॲबट यांनी निवडून निवडून जाड कडेची केलेली लाइन (म्हणजे वंशावळ) आहे, देखणी असते, पण तुला जे हवंय त्यात ती निवडीची लाइन म्हणून लिहायची. उत्तर ‘जास्पर काउंटी, अमक्या साली, एफ टू’ (म्हणजे पकडलेल्या जोडीपासूनची दुसरी पिढी) असं आलं आणि सोबत नाव-तारीख असली तर मग बोलू. आणि उत्तर ‘अरे दिसतोय ना ओकीटीसारखा’ असं आलं तर तुझ्याकडे एक छान पाळीव साप आहे, मजेत पाळ.

आता खऱ्या लोकॅलिटी कशा वेगळ्या असतात ते, म्हणजे ही सगळी उठाठेव कशासाठी ते कळेल.

कॉर्न स्नेक न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्सपासून खाली फ्लोरिडाच्या कीज बेटांपर्यंत मिळतो. न्यू जर्सीत तो राज्याच्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, एडिसनवाल्या आपल्या मंडळींनी परमिटचं बघितल्याशिवाय हात घालू नये. मायामीच्या आसपासचे साप अंगाने बारीक, तळाचा रंग राखाडी किंवा फिकट मातकट आणि त्यावर डाग एकदम शेंदरी, लांबून उठून दिसतात. फ्लोरिडाच्या नैऋत्य भागात लाल रंगच नसलेले, काळे-करडे साप जंगलात सुद्धा सापडतात, ज्यांना आपण ॲनेरी म्हणतो. आणि कीजवरचे, ज्यांना जुने लोक रोझी रॅट स्नेक म्हणायचे आणि एकेकाळी वेगळी उपजात मानायचे, त्यांच्यात काळा रंग इतका कमी की कड जवळजवळ पुसलेली, पोटावरचा बुद्धिबळाचा पट सुद्धा फिका. पश्चिमेला लुइझियानाकडे गेलास की पाइनच्या जंगलात तपकिरी-करडा स्लोविन्स्की कॉर्न, त्याला २००२ मध्ये वेगळी जात म्हणून नाव दिलं. जो स्लोविन्स्की हा सर्पतज्ज्ञ आदल्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्यानमारच्या जंगलात मण्यारीच्या चाव्याने गेला, त्याच्या आठवणीत ते नाव आहे. मण्यार म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आणि तुझ्या डॅलसच्या आसपास जो मिळतो तो ग्रेट प्लेन्स रॅट स्नेक, मातकट, तो कॉर्नचा चुलतभाऊ, कॉर्नबरोबर सहज जुळतो आणि पिल्लं पुढे वितात पण. क्रीमसिकल नावाने जे विकतात ते ह्याच्याच संकरातले. म्हणजे बाजारातल्या ‘साध्या’ कॉर्नमध्ये सुद्धा त्याचं रक्त असू शकतं, दिसत नाही एवढंच.

रंगापेक्षा मला स्वतःला स्वभावातले फरक जास्त इंटरेस्टिंग वाटतात. मी शार्लटला राहतो, घरी तीन लोकॅलिटी आहेत, दोन जास्परच्या वेगवेगळ्या लाइन आणि एक कीजची. जास्परची पिल्लं पहिली कात टाकली की आठवड्याभरात पिंकी (उंदराचं केस न आलेलं पिल्लू) गपकन गिळतात, काही शिकवावं लागत नाही. कीजची पिल्लं म्हणजे सासुरवाशिणीसारखी, समोर ठेवलेलं बघत पण नाहीत. कारण साधं आहे, तिकडे पिल्लांचं खाणं म्हणजे सरडे आणि झाडावरचे बेडूक, उंदराचं पिल्लू हे अन्न आहे हेच त्यांना माहीत नसतं. पहिल्या वर्षी अकरा पिल्लांपैकी दोनच जणांनी स्वतःहून खाल्लं आणि मी रात्री दोन वाजता किचनमध्ये उभा राहून बायकोच्या शिव्या खात होतो.

शेवटी जमलं ते असं. पिंकी वितळवून घ्यायची, वास नसलेल्या डिशसोपने धुवायची, चांगली खळखळून, म्हणजे उंदराचा वास जाईल. मग ॲनोल सरड्याचा फ्रीझरमधला तुकडा, आधी महिनाभर फ्रीझ केलेला, कारण ताज्या सरड्यातून जंत येतात, तो पिंकीच्या नाकापासून खांद्यापर्यंत नीट घासायचा. पिल्लू आणि पिंकी दोघं एका छोट्या प्लास्टिकच्या कपात, झाकणाला चार भोकं, त्यावर काळा रुमाल, कप उबेच्या कडेला ठेवायचा आणि झोपायला जायचं. दर दहा मिनिटांनी जाऊन रुमाल उचलायचा नाही, मी उचलायचो, म्हणून खायची नाहीत. सकाळी कप उघडला आणि आत फक्त पिल्लू, पोटात वाटाण्याएवढी गाठ, तो आनंद काय सांगू. असं पाच-सहा वेळा झालं की घासणं हळूहळू कमी करायचं, आधी फक्त नाकाला, मग बंद. धडधाकट पिल्लू काही आठवडे उपाशी राहू शकतं, त्यामुळे चौथ्या दिवशीच चिमट्याने तोंडात कोंबायला जाऊ नकोस, ते अगदी शेवटचं. आणि इथेच लोकॅलिटीचा एक बारीक मुद्दा आहे: जी पिल्लं पहिल्यापासून पिंकी खातात फक्त तीच जगवली आणि पुढे वाढवली तर पाच-सहा पिढ्यांत कीजचा साप राहील रंगाने, पण सवयीने मेनलँडचा, म्हणजे मुख्य भूमीवरचा होऊन जाईल. म्हणून मी न खाणाऱ्यांवर मेहनत घेतो, सगळे घेत नाहीत, त्यांना दोषही देत नाही, वेळ लागतो फार.

तोच घोळ रंगात होतो. खऱ्या जास्परच्या सापांमध्ये सगळे काही पोस्टरवरचे नसतात, काही तपकिरी, काहींची कड दोऱ्याएवढी. दर पिढीत सगळ्यात झगमगीत पिल्लू ठेवलं तर कागद जास्परचाच राहील पण साप जास्परसारखा राहणार नाही. मी दर क्लचमधून (एका खेपेच्या अंड्यांतून) तीन ठेवतो, दोन तब्येत आणि खाणं बघून आणि तिसरं चक्क चिठ्ठी टाकून. मुलगी चिठ्ठी काढते. एका वर्षी तिने इतका मळका नर काढला की माझा चेहरा पडला, आज तोच माझा सगळ्यात भरवशाचा ब्रीडर आहे.

ब्रीडिंगचं नेहमीचं तुला माहीत असेल, झटकन सांगतो. मादी तीन वर्षांची, तीन फुटांची, तीनशे ग्रॅमची झाल्याशिवाय जोडी लावायची नाही, घाई केली की अंडी अडकतात आणि मादी जाते. हिवाळ्यात दोन आठवडे खाणं बंद, पोट पूर्ण रिकामं, मगच थंड जागी ठेवायचं, नाहीतर पोटातलं सडतं. जास्परवाल्यांना मी १० ते १२ अंशांवर साधारण दहा आठवडे ठेवतो, पाणी कायम समोर. कीजवाल्यांना मी १६ च्या खाली नेतच नाही, बेटांवर थंडी कुठे असते, उगाच छातीचं इन्फेक्शन ओढवून घ्यायचं. मार्चमध्ये उब, दोन-तीन जेवणं, मादीने कात टाकली की नर सोड. साधारण महिन्या-सव्वा महिन्यात अंडी, अंड्यांच्या आठ-दहा दिवस आधी परत एक कात पडते, ती दिसली की ओलसर मॉसचा डबा आत ठेवायचा, नाहीतर पाण्याच्या भांड्यात घालते अंडी. दहा-पंधरा ते पंचवीस कितीही. अंडी ठेवायला व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि पाणी वजनाने निम्मं-निम्मं, २७-२८ अंश, साठ दिवसांच्या आसपास. अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण कर आणि उलटं करू नकोस. चिकटलेली अंडी सोडवायच्या भानगडीत पडू नकोस.

नर तुझा अजून वर्षाचाही नाही, त्यामुळे या सीझनला तर प्रश्नच नाही.

जास्त महत्त्वाचं काय तर वही. माझ्याकडे साधी शंभर पानी वही आहे, एक्सेल पण आहे पण वही खरी. प्रत्येक सापाला नंबर, त्यापुढे काउंटी, रस्ता, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, आईबापाचे नंबर, पिढी कुठली. नेमकं लोकेशन वहीत असतं, ऑनलाइन कधीच टाकत नाही, फक्त काउंटी सांगतो. मी एकदा भोळेपणाने एका ग्रुपवर पत्र्यांचा फोटो टाकला होता, मागे पाण्याची टाकी दिसत होती, महिन्याभराने गेलो तर एकही पत्रा जागेवर नव्हता, सगळे उलटे टाकलेले, खालची ओल वाळून गेलेली. अशा पत्र्याखाली परत साप यायला बराच काळ जातो.

आणि माझं सगळ्यात मोठं पाप पण सांगतो, कारण तू पण करशील. २०१७ च्या ऑगस्टमध्ये माझ्याकडे जास्परचे दोन्ही क्लच एकाच आठवड्यात फुटले, एक लाइन रिजलँडच्या जवळची आणि दुसरी काउंटीच्या पार दुसऱ्या टोकाची, जी मी मुद्दाम वेगळी ठेवत होतो. टब एकावर एक रचलेले, लेबलं मार्करने झाकणावर लिहिलेली. साफसफाईला सगळी झाकणं काढून सिंकमध्ये टाकली, आणि धुऊन झाल्यावर कुठलं झाकण कुठल्या टबाचं हे आठवेना. एकवीस पिल्लं, सगळी एकसारखी मळकट. दोन दिवस मी बसून डाग मोजत होतो, डोक्यावरची भाल्याच्या टोकासारखी खूण बघत होतो, फोटो ताडत होतो. मग शहाणपणा सुचला आणि सगळी ‘जास्पर काउंटी, लाइन मिश्र’ असं स्पष्ट लिहून दिली, त्यातली एकही मी पुढे ब्रीडिंगला ठेवली नाही. काउंटी तरी एक होती म्हणून तेवढं वाचलं, एक क्लच मायामीचा असता तर एकवीसच्या एकवीस बिननावाची झाली असती. तेव्हापासून लेबल झाकणावर नाही, टबाच्या अंगावर, आणि एका वेळी एकच टब उघडा.

जंगलातून आणण्याबद्दल. मेच्या सुरुवातीला रात्री रस्त्यावर दिसतात, दिवसा पडक्या शेडच्या पत्र्याखाली. खाजगी जमिनीवर मालकाला विचारल्याशिवाय पाऊल नाही, इकडे लोक बंदूक ठेवतात. पत्रा लांबची कड धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे पत्रा आपल्या आणि आतल्या प्राण्याच्या मधे राहतो, कारण खाली कॉर्न असेल तशी विषारी कॉपरहेड पण असते. नवख्याला दोघांत गल्लत होते आणि बिचारे कॉर्न त्यापायी मारले जातात. कॉपरहेडचे पट्टे पाठीवर अरुंद आणि कुशीला रुंद, डमरूसारखे, कॉर्नचे डाग पाठीवर गोलसर आणि त्याभोवती कड. बघून झालं की पत्रा होता तसाच परत. अंडी भरलेली मादी मी आणत नाही. एक जोडी बस होते, चार-पाच वर्षांनी त्याच काउंटीतला एखादा नवीन नर आणून लाइनला ताजं रक्त द्यायचं, एकाच जोडीच्या भावंडांवर पिढ्यान्पिढ्या ओढत राहिलं की अंडी पोकळ निघायला लागतात. आणलेला साप निदान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळं भांडं, वेगळा चिमटा, लेंडीची तपासणी. माइट्स (अंगावरचे बारीक किडे) दिसतात आणि जातात, पण क्रिप्टो नावाचा परजीवी आला तर साप खाल्लेलं ओकत राहतो, पोटाच्या मधोमध फुगतो, आणि त्याच्यावर भरवशाचं औषध नाही, रॅकवरचे सगळे साप जाऊ शकतात.

कायदा राज्याराज्यात वेगळा, हे फार गंभीरपणे घे. साउथ कॅरोलायनातून सव्हाना नदी ओलांडून जॉर्जियात गेलास की देशी बिनविषारी साप परमिटशिवाय पाळता येत नाहीत, म्हणजे नदीच्या या काठावर जो साप तुझ्या टबात चालतो तोच पलीकडे गुन्हा. आणि एका राज्यात बेकायदा पकडलेला साप दुसऱ्या राज्यात नेला की केंद्राचा लेसी ॲक्ट लागतो. तू कधी अटलांटाला जॉब बदललास तर आधी सापांची सोय कर.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक वाक्य, कारण दरवेळी कोणीतरी विचारतंच: आपल्याकडचा तस्कर साप पण असाच देखणा आणि शांत, एकेकाळी तो आणि कॉर्न एलाफे या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) मोडायचे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आपला कुठलाही देशी साप घरात ठेवता येत नाही, धामण नाही, तस्कर नाही, दिवड पण नाही. मी कॉलेजात साताऱ्याला सर्पमित्रांबरोबर फिरायचो तेव्हा पोत्यातला साप एका रात्रीहून जास्त कोणाच्या घरी राहिला तर आमचे सर ओरडायचे.

आता तुझ्या मायामी मादीचं. स्वस्तात मिळतेय आणि तब्येतीने बरी आहे तर घे, बिनधास्त घे, पण आधी तोच प्रश्न तिच्या मालकाला पण विचार, मायामी-डेड काउंटीतली की नुसती राखाडी अंगाची. स्वतंत्र टब, उबेची बाजू ३० अंशांच्या आसपास, थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावायचा नाही. दोघांचे कागद निघाले तर दोघांना आपापल्या गावचा जोडीदार शोध, वर्ष-दोन वर्षं लागतील, लागू देत. कागद नाही निघाले आणि तरी अंडी बघायची हौस असेल तर लाव जोडी, त्यात चूक काही नाही, फक्त पिल्लांच्या डब्यावर लिहिताना ‘कॉर्न स्नेक, लोकॅलिटी माहीत नाही’ एवढंच लिही. आणि पेन्सिलने लिही, टबातल्या दमट हवेत मार्करची शाई तीन महिन्यांत फिकी पडते.